पडलेलं पेन

पेन त्यांचं होतं. विमा कंपनीच्या वकिलांचं. माझा उलटतपास चालला होता आणि कागद चाळताना ते त्यांच्या बोटांतून निसटलं, फरशीवर टक्‌कन वाजलं आणि घरंगळत थेट माझ्या पायाशी येऊन थांबलं. साक्षीपिंजरा म्हणतात, पण तिथे पिंजरा वगैरे काही नव्हता. न्यायाधीशांच्या मंचाच्या डाव्या अंगाला एक लाकडी कठडा, हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेला. वकीलसाहेब साठीच्या पुढचे. समोर वडीलधाऱ्या माणसाच्या हातून काही पडलं की आपण ते उचलून देतो, त्यासाठी ठरवावं लागत नाही. मी वाकले, पेन उचललं, त्यांच्या हातात दिलं. "थँक्यू मॅडम," ते म्हणाले. मग न्यायाधीशांकडे वळून तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, साक्षीदार खाली वाकून वस्तू उचलू शकतात, याची नोंद व्हावी."

माझे कान तापले.

मी खोटं काहीच बोलले नव्हते, तरी पकडली गेले होते. कारण माझ्या प्रतिज्ञापत्रात परिच्छेद 9 मध्ये स्वच्छ लिहिलं होतं, "अर्जदारास खाली वाकता येत नाही." सही करण्याआधी मी त्या वाक्याशी अडखळलेही होते. माझा धंदाच मुद्रितशोधनाचा, दुसऱ्यांच्या वाक्यात अडखळण्याचे मला पैसे मिळतात. "वाकताना त्रास होतो, असं लिहूया का?" मी माझ्या वकिलांना विचारलं होतं. ते कामात होते. "मॅडम, त्रास सगळ्यांनाच होतो. कोर्टात असंच लिहितात," म्हणाले. मी सही केली. आता त्या वाक्याची शिक्षा भोगत मी उभी होते, आणि न्यायाधीश टंकलेखकाला सांगत होते, घ्या, साक्षीदाराने खाली वाकून पेन उचलून दिले. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीश शेरा लिहून ठेवू शकतात, अशी दिवाणी कामकाजात तरतूदच आहे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त कळफलकाचा आवाज ऐकू येत होता.

पेन त्यांनी मुद्दाम पाडलं का, हा प्रश्न मी तेव्हापासून पाठीवर घेऊन फिरते आहे.

अपघात म्हणावा असा माझा अपघातही नव्हता. बसची शेवटची सीट, मागच्या चाकांच्याही मागची. पुढे गतिरोधक आहे हे चालकाला उशिरा दिसलं किंवा दिसलंच नाही. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि आम्ही मागचे पाच जण सीटवरून उडालो आणि परत सीटवर आदळलो. काच फुटली नाही, रक्त नाही, बस थांबलीसुद्धा नाही. सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि श्वास आतच राहिला. पाठीच्या मधोमध कुणीतरी ओली काडी मोडावी तसं काहीतरी झालं होतं. आवाज आला असं मी सांगते, पण तो कानांनी ऐकला की पाठीने, याची मला खात्री नाही. कमरेचा पहिला मणका, ज्याला डॉक्टर एल-वन म्हणतात, तो पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला होता. छातीच्या मागचा कणा बरगड्यांनी जखडलेला असतो, त्याखालचा मोकळा. ताठ आणि लवचिक यांचा सांधा नेमका इथे, म्हणून असे दणके बहुतेकदा इथेच बसतात. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं होतं. निदान मोडायच्या जागी मोडलं.

पैसे मागायचे, हे मनाला पटायला तीन महिने लागले. त्यातले दोन मी उताणी होते आणि छतावरच्या ओलीच्या डागांना नावं ठेवत होते. दावा म्हटला की कुणाविरुद्ध तरी करावा लागतो, आणि कागदावर जाबदार क्रमांक 1 म्हणून चालकाचं नाव आलं. हा माणूस त्याच रात्री दवाखान्यात येऊन दाराशी उभा राहिला होता, आत न येता. पैसे विमा कंपनी देणार हे मला ठाऊक होतं, तरी "निष्काळजीपणे व हयगयीने वाहन चालवून" या वाक्यापुढे त्याचं नाव वाचताना पोटात कसंतरी झालं. तो हयगयीने चालवत होता हे खरं होतं. ते छापलेलं बघवत नव्हतं, हेही खरं.

मग सुरू झाला पाठपुरावा. हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा तपासला असेन, त्यात पाठ आहे हे पहिल्यांदा दिसलं. कारण या प्रकारात पुरावा खरोखर पाठीनेच द्यायचा असतो, आणि पाठ ही साक्षीदार म्हणून फार वाईट. हात तुटला तर दिसतो. कामगारांच्या नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा मी एका रात्री चाळत बसले होते. माझ्या दाव्याशी त्याचा थेट संबंध नव्हता, पण वेदनेला आकडा कसा लावतात हे बघायचं होतं. त्याला जोडलेली एक यादी होती. अंगठा गेला तर 30 टक्के. तर्जनी संपूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी 7. इतकी बारकाईने केलेली यादी की वाचताना आपण नकळत स्वतःची बोटं मोजायला लागतो. त्या यादीत मी मणका शोधला. सापडला नाही. यादीत नसलेल्या इजांचं काय, तर डॉक्टर ठरवतील तेवढी टक्केवारी. म्हणजे करंगळीचा भाव आधीच ठरलेला आणि कण्याचा घासाघीस करून ठरवायचा.

ही घासाघीस जुनी आहे. आगगाड्या धावू लागल्या तेव्हा इंग्लंडमध्ये डब्यांच्या धडकांतून वरवर धडधाकट बाहेर आलेली माणसं काही दिवसांनी पाठदुखीने, थरथरीने, झोप उडाल्याने अंथरूण धरू लागली आणि रेल्वे कंपन्यांवर दावे लावू लागली. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक्सन यांनी 1866 मध्ये या दुखण्यावरची आपली व्याख्यानं छापली. त्यांच्या मते हादऱ्याने मज्जारज्जूलाच इजा होत होती. या दुखण्याला लोक चक्क 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी त्याला उत्तर दिलं, की मज्जारज्जूला काही होत नाही, बहुतेकांच्या दुखण्यामागे भीती आहे. हे पेज एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते. हे वाचून मी आधी कुत्सित हसले. पण पेज अगदीच चूक नव्हते; नुसत्या भीतीनेही शरीर खरोखर आजारी पडतं, हा विचार पुढे मोठा होत गेला त्यात त्यांचाही वाटा आहे. मला स्वतःला आजही गतिरोधक दिसला की ढुंगणाखाली दोन्ही हात जातात. ही इजा की भीती? दीडशे वर्षांपूर्वीचे ते दोघे माझ्या खटल्यात आले असते तर दोघांनाही माझ्यात आपापला पुरावा सापडला असता.

माझ्या खटल्यात एरिक्सन आणि पेज यांच्या जागी एमआरआयची फिल्म होती. पहिला मणका दबलेला, यावर वाद नव्हता. पण त्याच फिल्मवर मणक्यांच्या मधल्या गाद्यांपैकी खालच्या दोन चकत्या काळवंडलेल्या, थोड्या बाहेर आलेल्या दिसत होत्या आणि अहवालात "झीज" हा शब्द होता. वकीलसाहेबांनी तो पिवळ्या शाईने रंगवून आणला होता. म्हणजे मॅडमची पाठ आधीपासूनच दुखत असणार, आणि बिल मात्र बसवर फाडलं जातंय. खरी गोष्ट अशी की पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्याही फिल्मा अशाच दिसतात. अमेरिकेत 1994 मध्ये पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले तर निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. 2015 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात काहीही तक्रार नसलेल्या चाळिशीच्या माणसांतही 68 टक्क्यांच्या चकत्यांत झीज होती. झीज म्हणजे पाठीचे पांढरे केस. पण ही सुरी दोन्हीकडून कापते. फिल्म आणि दुखणं यांचं इतकं कमी जमत असेल, तर माझ्या दुखण्याला फिल्मचा आधार तरी किती? माझ्या वकिलांना हे विचारलं तर ते म्हणाले, "हा प्रश्न तुम्ही कोर्टात विचारू नका."

आधीपासून झिजलेली पाठ असली तरी कायदा तिला टाकून देत नाही, एवढा दिलासा होता. इंग्लंडच्या एका न्यायाधीशाने 1901 मध्ये म्हणून ठेवलंय, की ज्याला इजा झाली त्याची कवटी मुळातच पातळ होती ही इजा करणाऱ्याची सबब होऊ शकत नाही. माणूस जसा आहे तसा तुम्हाला तो मिळाला. हे मला एवढं आवडलं की मी ते घरात सगळ्यांना ऐकवलं. मुलगी म्हणाली, "आई, तुझी कवटी जाडच आहे."

अपंगत्वाचा दाखला काढायला गेले तेव्हाची एक गोष्ट. डॉक्टरांनी पाय उचलायला लावले, टाचांवर चालवलं, मग मला उभं करून माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि हलकेच दाबला. क्षणभर, शपथेवर सांगते, मला भरून आलं. इतक्या महिन्यांत मला तपासणारे हात पुष्कळ लागले होते, डोक्यावर हात कुणी ठेवला नव्हता. "दुखतंय का कमरेत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, कारण नव्हतं दुखत. पुढे वाचनात आलं, गॉर्डन वॅडेल नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदांनी 1980 मध्ये अशा काही खुणा मांडल्या होत्या, त्यातली ही एक. डोकं हलकेच दाबल्याने कमर दुखायला नको. दुखतंय म्हणालात तर दुखण्यात शरीराखेरीज आणखीही काही आहे असं समजायचं. वॅडेल यांना सोंग पकडायचं नव्हतं, रुग्णाला मनाचीही मदत लागेल का एवढं बघायचं होतं. पण खुणा त्यांच्या हातून सुटल्या आणि सोंग पकडण्याच्या कामाला लागल्या, याबद्दल त्यांनी पुढे नाराजीही लिहून ठेवली. मी परीक्षेत पास झाले होते. तरी तो आशीर्वाद नव्हता हे कळल्यावर जरा वाईट वाटलंच.

दाखल्यावर आलं 18 टक्के.

18 टक्के म्हणजे काय, तर काही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हे फार समजुतीने उलगडून सांगितलंय. शरीराचं अपंगत्व एक आणि कमाईचं नुकसान दुसरं, दोन्ही टक्केवाऱ्या एकच धरू नका. डावा हात गेलेला माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याचं सगळंच गेलं. तोच कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेलही. तेव्हा माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो, हे बघा. वाचताना वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. उलटतपासात कळलं, ते त्यांच्यासाठीही लिहिलेलं होतं.

"तुमचं काम बैठं आहे. बरोबर?"

"हो."

"त्यात वजन उचलावं लागत नाही."

"नाही."

संपलं. टंकलेखकाने घेतलं: माझे काम बैठे स्वरूपाचे आहे हे म्हणणे खरे आहे. पण बसणं हेच तर माझं दुखणं होतं! स्वीडनच्या अल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला होता, आणि त्यांना तो उभं असण्यापेक्षा बसलेलं असताना जास्त मिळाला. मी पूर्वी एका बैठकीला चाळीस पानं वाचत असे. आता बारा-तेराव्या पानाला कमरेत कुणीतरी पाना फिरवू लागतं, सोळाव्याला अक्षरं कळतात पण वाक्य कळत नाही. बैठं काम म्हणजे आरामाचं काम, असं आपल्या भाषेनेच ठरवून टाकलंय. हे सगळं मला सांगायचं होतं, पण उलटतपासात विचारल्याशिवाय सांगता येत नाही, आणि जे विचारतात त्याला उत्तर एका अक्षराचं असतं.

त्या कोर्टाच्या मराठीची मला चीड आहे आणि मोहही. कुणीही असं बोलत नाही, पण त्यात काहीही लपत नाही. प्रत्येक आरोप तुमच्याच तोंडून वदवून घ्यायचा आणि तुमच्याच तोंडून नाकारायचा. "माझी पाठ अपघातापूर्वीपासून दुखत होती, हे म्हणणे खरे नाही." "मी डॉक्टरांशी संगनमत करून दाखला मिळवला, हे म्हणणे खरे नाही." आणि शेवटी, प्रथा असावी तसं, "मी जास्त नुकसानभरपाई मिळावी म्हणून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." शेवटचे चार शब्द कुणी खोडले तर? माझ्या व्यवसायात एका ओळीची गळ नेहमीच होते.

दाव्याच्या त्या वर्षांत मी बरी होत होते. सावकाश, पण होत होते, आणि ते मला लपवावंसं वाटत होतं. एकदा सकाळी उठले आणि दहा मिनिटं पाठीची आठवणच आली नाही. आली तेव्हा आनंदाऐवजी पहिला विचार आला, पुढच्या महिन्यात तारीख आहे. कुणाच्या लग्नात फोटो काढायची वेळ आली की मी खुर्ची शोधायची. दुखत असे म्हणूनही आणि हसत उभी असलेली दिसू नये म्हणूनही. यातलं किती कोणतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हेन्री मिलर नावाच्या ब्रिटिश मेंदुतज्ज्ञाने 1961 मध्ये मांडलं होतं, की डोक्याला किरकोळ मार लागलेल्या पण तक्रारींचा पाढा लांबत गेलेल्या कित्येकांचं दुखणं निकालाबरोबर पळतं. पुढे निकालानंतरही रुग्णांचा माग काढणाऱ्यांना असं दिसलं नाही. पुष्कळ जण निकालानंतरही कामावर परतू शकले नव्हते. माझ्यापुरतं सांगते, निकालाची बातमी फोनवर ऐकली तेव्हा मी उशीला टेकून बसले होते, फोन ठेवला तेव्हाही टेकूनच.

पेनाच्या त्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते, बाकं लाकडी आणि पाठीला टेकू नसलेली म्हणून. वकीलसाहेब आले. कोट हातावर. बाकाजवळ थांबले, एक हात भिंतीला, दुसरा मांडीवर, आणि हप्त्याहप्त्याने खाली बसले, चेहरा वाकडा करून. माझी नजर त्यांना दिसली. "सायटिका," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, इकडेतिकडे बघून, "तुमचे ते व्यायाम... कुणाकडे जाता तुम्ही?" मी सांगितलं. नंबरही दिला. राग आला होता, आणि नंबर सांगताना दोन आकडे मुद्दाम चुकवावेत असंही मनात येऊन गेलं. पण तो दुखरा चेहरा मी ओळखत होते; तो करून दाखवता येत नाही. तेव्हापासून प्रश्न आणखीच अवघड झाला. पेन त्यांनी पाडलं की पडलं? आणि पडल्यावर त्यांनी उचललं नाही ते डाव म्हणून, की त्यांनाच वाकता येत नव्हतं म्हणून?

निकालाची नक्कल हातात आली तेव्हा लोक आकडा बघतात, मी पेन शोधलं. एकवीस पानं. उत्पन्न, वय, आणि गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो वयाप्रमाणे ठरलेला आकडा. अपघाताच्या दिवशी मी 45 वर्षांची होते म्हणून सरला वर्मा खटल्याच्या 2009 च्या तक्त्याप्रमाणे गुणक 14; चार महिन्यांनी उडाले असते तर 13. औषधोपचार, वेदना, जगण्यातल्या आनंदाची हानी, असे एकेका ओळीत एकेक रकाने. रक्कम मागितली त्यापेक्षा बरीच कमी आणि भीती होती त्यापेक्षा बरीच जास्त. पेन कुठेच नव्हतं. दोन वर्षं मी ज्याच्यामुळे रात्री जागी राहिले, त्याची न्यायाधीशांनी दखलही घेतली नव्हती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की मग तेवढं जागरण कुणाच्या खात्यावर टाकायचं?

म्हणून साक्षीची नक्कल पुन्हा काढली आणि पेन्सिल घेऊन बसले. त्या दिवशीही सही करण्याआधी मी ती वाचली होती. एक वेलांटी चुकली होती, ती मी टंकलेखकाला दाखवली होती, आणि ते वाक्य तसंच सोडलं होतं. "साक्षीदाराने खाली वाकून पेन उचलून दिले." वाचता वाचता माझं शरीर, नुसतं आठवणीने, ती हालचाल करू लागलं. उजवा हात कठड्यावर. डावा पाय मागे. गुडघे दुमडत, पाठ फळीसारखी सरळ, नजर समोर. पेन न बघता बोटांनी चाचपून घेतलं. मग कठड्यावर भार देऊन वर. फिजिओथेरपीच्या पोरीने हे माझ्याकडून इतक्या वेळा करवून घेतलं होतं, "ताई, कमरेतून नाही, कमरेतून नाही," की माझ्या पाठीला दुसरं काही उरलंच नव्हतं.

मी वाकले नव्हते. मी बसले होते.

न्यायाधीशांनी चूक शब्द सांगितला, टंकलेखकाने तो घेतला, वकीलसाहेबांनी तोच म्हटला होता, माझ्या वकिलांनी हरकत घेतली नाही, आणि शब्दांवर पोट असलेल्या मी वेलांटी तेवढी सुधारली. वर पहिल्याच परिच्छेदात मीसुद्धा "वाकले" असंच लिहिलंय, तपासून पाहा. प्रतिज्ञापत्रातला परिच्छेद 9, ज्याची मला इतके दिवस लाज वाटत होती, तो अक्षरशः खरा होता.

मी लगेच माझ्या वकिलांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, अपिलात जायचंय का?"

नाही म्हटलं. नुसतं सांगायचं होतं.

"बरं," ते म्हणाले, "मग पुढच्या आठवड्यात येऊन चेक घेऊन जा. लिफ्ट बंद आहे, सावकाश या."